झाडाखालची पंगत

जेवणाची गाडी रस्त्याच्या वळणावर उभी होती. सुट्टीत शाळेला कुलूप असल्यामुळे मुलांना दुपारचं जेवण डब्यातून घरी न्यायला मिळायचं. सगळी मुलं येऊन गेली. कालच्यासारखेच दोन डबे उरले.

ओढ्यापलीकडच्या बहीण-भावाचे आहेत, शाळेची स्वयंपाकीण म्हणाली. न्यायला कुणी आलं नाही तर डबे परत आणायचे, असं ड्रायव्हरला सांगितलेलं होतं. ज्याला भूक असेल तो येईलच की, असं त्याचं म्हणणं.

"भुकेलं पोर झोपतं, बाबा. चालत नाही," ती म्हणाली आणि डबे पिशवीत घालून उतरली.

ओढा कोरडा ठणठणीत होता. उन्हात सगळंच हलत होतं. पलीकडचं झाड पाण्यावर तरंगल्यासारखं दिसायचं आणि ती पुढे गेली की तेही जरा मागे सरकायचं. आपण चाललोय की कुणी आपल्याला झोपेत चालवतंय, तिला कळेना. तेवढ्यात घंटा ऐकू आली. जेवणाच्या सुट्टीची. शाळा तर मागे राहिली होती, कुलपात. ती आवाजाच्या रोखाने गेली.

झाडाखाली पंगत बसली होती. एक लहानगा, आणि त्याच्या शेजारी ओळीने मांडलेले दगड. प्रत्येकापुढे झाडाचं एकेक पान. बहिणीने थाळीवर बडवलेला चमचा खाली ठेवला, रिकामं पातेलं कमरेवर घेतलं आणि वाढत निघाली. दगडांनाही.

"लाजायचं नाही. पोटभर खा," ती म्हणत होती. सूर हुबेहूब स्वयंपाकिणीचा, वाकायची तऱ्हाही तिचीच. लहानगा पानावरून हवा उचलायचा, तोंडात टाकायचा आणि गटकन गिळायचा.

स्वयंपाकिणीने हाक मारली नाही. ती ओळीच्या शेवटी, दगडाशेजारी मांडी घालून बसली. मुलगीही दचकली नाही. तिने स्वयंपाकिणीपुढे एक पान ठेवलं आणि वाढलं. स्वयंपाकीण जेवली. मग तिने हळूच विचारलं, गाडीपाशी का येत नाही? आई कामावर जाते, मुलीने सांगितलं; रस्त्याला ट्रक असतात म्हणून भावाला घेऊन ओढा ओलांडायचा नाही, असं बजावून गेलीय.

मग उद्यापासून डबे इथेच येतील, स्वयंपाकिणीने सांगून टाकलं. ड्रायव्हरचं काय ते पुढे बघता येईल. लांबून गाडीचा हॉर्न वाजला. तिने तो कानाआड केला.

"आता तू बस," ती उठत म्हणाली. "आज मी वाढते."

झाकणं उघडली. वास झाडाखाली पसरला. लहानग्याने भला मोठा घास घेतला आणि सवयीने गटकन गिळायला गेला. त्याला ठसका लागला. बहिणीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"हळू चाव," ती म्हणाली. "खऱ्याला वेळ लागतो."