शेकरूबाईंची परवानगी

"शेकरूबाई नाही म्हणताहेत," कानातलं दुभाषी यंत्र नीट बसवत वनरक्षक वेणूताई म्हणाल्या.

मुकुंदराव घैसासांनी कॅमेरा खाली ठेवला. एकाच शेकरूचे तिन्ही ऋतूंतले फोटो, हे त्यांचं वर्षभराचं काम. आता फक्त उन्हाळ्यातल्या फोटोवाचून प्रदर्शन अडलं होतं, आणि राखीव रानात तर मुंगीचाही फोटो तिच्या परवानगीशिवाय काढता येत नसे.

"आता काय झालं?"

"पावसाळ्यात परवानगी घेतलीत, पण वेळ न कळवता आलात म्हणे. घरट्यात सगळा पसारा होता, तो फोटोत चारचौघांनी पाहिला."

"चुकलं म्हणावं. उद्या दहाला येतो, नक्की."

दुसऱ्या दिवशी घरटं लख्ख आवरलेलं होतं. फांदीवर शेकरूबाईंसह सासर-माहेरची अकरा जणं शेपट्या विंचरून, श्वास रोखून, लग्नातल्या फोटोसारखी ओळीने बसली होती.

"अहो, जरा नैसर्गिक वागा म्हणावं त्यांना!" मुकुंदराव कळवळले.

वेणूताईंनी निरोप पोचवला. वर बराच वेळ चकचक झाली.

"त्या म्हणतात," वेणूताईंनी हसू दाबलं, "वर्षभर झुडूप बनून येणाऱ्या माणसाने हे सांगू नये."

मुकुंदरावांनी टोपीवरच्या डहाळ्या उपसल्या, नीट भांग पाडला आणि मगच कॅमेरा उचलला.