खोकं क्रमांक एक्केचाळीस

वर सभागृहात टेसाचं भाषण चाललं होतं, तेव्हा आयलीन कॉलेज ग्रंथालयाच्या तळघरात पेन्सिलींना टोक काढत बसली होती. ग्रंथपालाची जागा एक आणि उमेदवार दोघी. घरच्या उमेदवाराने बाहेरच्याचं भाषण ऐकायचं नाही, असा तिथला शिरस्ता. आयलीनने तो इमानेइतबारे पाळला. तिची पाळी उद्या होती.

एकोणीस वर्षं ती इथे मदतनीस होती. पन्नाशीला टेकल्यावर संध्याकाळच्या वर्गांना बसून तिने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, ती मुख्य ग्रंथपाल मार्गोच्या शब्दावर. "अगं, तू नुसती पदवी आण, खुर्ची तुझीच." उद्याच्या भाषणाचा मसुदाही तिने तपासायला दिला तो एकट्या मार्गोला.

जिन्यावर पावलं वाजली. मार्गो टेसाला घेऊन खाली आली, खुशीत होती.

"आयलीन, हिला ते खोकं दाखव ना जरा. फार सुरेख बोलली त्यावर."

"कुठलं?"

"एक्केचाळीस," टेसा म्हणाली. "कोळ्यांच्या बायकांची पत्रं. सरोवराकाठच्या शाळांतल्या मुलांकडून ती वाचून घ्यायची, असं मनात आहे माझ्या."

आयलीनने हातातली पेन्सिल खाली ठेवली. पत्रं बाराव्या खोक्यात होती. मसुद्यात तिच्या हातून चुकून एक्केचाळीस पडलं होतं. रविवारी ते ध्यानात आलं आणि तिने आपल्या प्रतीत दुरुस्त केलं. फक्त आपल्या.

बारावं खोकं हाताशीच होतं. ती उठली, पार शेवटच्या फळीपर्यंत गेली आणि एक्केचाळिसावं घेऊन आली. टेबलावर ठेवून तिने झाकण काढलं.

आत कॉलेजच्या भोजनगृहाची बासष्ट सालची जेवणाची पत्रकं होती.

टेसाने दोन पत्रकं उलटली. गोंधळून मार्गोकडे पाहिलं. "पण तुम्ही पाठवलेल्या टिपणात तर हाच आकडा होता."



"तिची नाही हो चूक," आयलीन टेसाला म्हणाली. "माझीच. मीच तसं लिहिलं होतं."

मार्गोने एक पत्रक उचललं आणि चष्मा लावून ती ते वाचत राहिली. त्या शुक्रवारी मासे होते, उकडलेले बटाटे आणि वाटाणे.