एक रिंग

"बाबा, आधी हा घ्या, मग मॅच बघा," असं म्हणत रुचिराने नव्या फोनचं खोकं लवू परबांच्या मांडीवर ठेवलं.

लवूंनी खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि तसंच टीपॉयवर ठेवलं. "माझो बरो चलता. कित्याक नवो?"

बरा चालणारा तो फोन त्यांच्या हातातच होता. सात वर्षांचा. मागचं झाकण सुटायला आलेलं, म्हणून त्याला कोथिंबिरीच्या जुडीचा रबर लावलेला. चार्जिंगला लावला की तवा तापावा तसा तापायचा. पण त्याला म्हातारा म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती.

रुचिराला घाई झाली होती. मॅचच्या पहिल्या ब्रेकमध्ये तिने लिहिलेली जाहिरात लागणार होती. ती लागेल तेव्हा बाबांच्या हातात हा जुना फोन नसावा, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्याने काय साधणार होतं, देव जाणे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

जाहिरातीत एक आजोबा होते आणि त्यांच्या हातात दुसऱ्या कंपनीचा जुना फोन. कंपनीचं नाव कुठेच घेतलं नव्हतं, पण पाठीवरचं निळं वर्तुळ बघून शेंबडं पोरही ते सांगेल. फोनला रबर. आजोबा फोन लावतात, एक रिंग देतात आणि कट करतात. नात विचारते, "कट का केलात?" आजोबा म्हणतात, "दुसऱ्या रिंगपर्यंत बॅटरी टिकत नाही गं!" मग नवाकोरा फोन झळकतो आणि मागून आवाज येतो, 'एका रिंगवर काय थांबता? बोला की!' अंधेरीच्या ऑफिसात हे वाचून दाखवलं तेव्हा क्लायंट हसून हसून लोळला होता. "समोरच्यांची पार वाट लावलीस," म्हणत साहेबांनी तिची पाठ थोपटली होती.

रबर बाबांचा होता. एक रिंगही बाबांचीच. त्या रिंगचा मात्र बॅटरीशी काही संबंध नव्हता. रुचिरा कॉलेजात असताना घरात पहिला मोबाइल आला. तेव्हा बोलायला पैसे पडायचे, म्हणून बाबांनी ठरवून दिलं होतं, पोचलीस की एक रिंग दे, मी उलट दोन देतो. पुढे बोलणं फुकट झालं, लग्न होऊन रुचिरा कांदिवलीला गेली, तरी ठरलेलं मोडलं नाही. दर रविवारी माहेराहून परत घरी पोचली की तिची एक आणि विक्रोळीहून बाबांच्या लगेच दोन. तिच्या ऑपरेशनच्या सकाळी तर तिने काही न देताच त्या दोन आल्या होत्या. त्या दिवशी तिला दुसऱ्या कुणाच्या धीराची गरज पडली नव्हती.

आणि हे सगळं तिने एका हशासाठी विकलं होतं.

ओव्हर संपली. ब्रेक लागला. रुचिराची आई, वनमाला, चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि टीव्हीसमोर उभीच राहिली.

"गो बाय माझे! ह्यां तर तुमचाच सोंग काढल्यानी!" ती नवऱ्याकडे बघून खदखदून हसली. "रबर बघा, रबर!"

लवू हसले नाहीत. शेवटपर्यंत टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "रबर आडवो लावल्यान. उभो व्हयो. आडवो बटणार बसता."

रुचिराचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कोणी लिवल्यान गो ह्यां?"

खोटं बोलता आलं असतं. ऑफिसात वीस माणसं होती, कुणाचंही नाव खपलं असतं.

"मी, बाबा."

वनमालाचं हसू थांबलं. लवूंनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं, असं रुचिराला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच.

"तू लिवलंस म्हणजे बरोबरच आसतला," ते म्हणाले.

त्यांनी फोनचा रबर काढला, मनगटात घातला आणि नव्या फोनसाठी हात पुढे केला. दोन आठवडे ती या फोनसाठी त्यांच्या मागे लागली होती. आता 'नको म्हणा ना,' असं ओरडून सांगावंसं तिला वाटत होतं. तिने जुन्यातलं सिमकार्ड काढून नव्यात घातलं. बाबा शेजारी बसून शहाण्या मुलासारखे बघत होते.

"बोलूचा बटण खयचा?" त्यांनी विचारलं. तिने दाखवलं.

ती कांदिवलीला पोचली तेव्हा समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर अजून ऊन होतं. दार उघडून चपला काढायच्या आधीच तिने बाबांना एक रिंग दिली आणि कट केली.

लगेच उलट आली. एक. दोन.

तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. काही बिघडलं नव्हतं तर.

तिसरी वाजली.

फोन हातात धरून ती दारातच उभी राहिली. उचलला नाही. थांबेल, आता थांबेल, म्हणत ऐकत राहिली. सातवी वाजली.