खरी भीती

अवकाशयानात शिरलेल्या राक्षसाच्या त्या गाजलेल्या चित्रपटाला पंचेचाळीस वर्षं झाली, म्हणून लंडनच्या एका जुन्या थिएटरात खास खेळ लावला होता. खेळ संपल्यावर दिग्दर्शक कॉलिन वॅडेलने मंचावर आपला आवडता किस्सा पुन्हा एकदा सांगितला. "राक्षस कुठून येणार, हे मी हेस्टरला सांगितलंच नव्हतं. तिची ती किंकाळी अगदी खरी आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या खुर्चीत बसलेली नायिका, हेस्टर प्रुएट, हे इतकी वर्षं मुकाट्याने ऐकत आली होती. आज मात्र तिचं डोकं फिरलं.

"साफ खोटं बोलतोस, कॉलिन. अकरा टेक झाले होते. दर वेळी मी अंगावर उडालेलं नकली रक्त धुऊन नवा शर्ट घालायचे आणि तू 'अजून एकदा' म्हणायचास. अकराव्या वेळी कसली आलीय डोंबलाची भीती? तो अभिनय होता. माझा!"

"अगं, कशाला लोकांची मजा घालवतेस?" कॉलिन हसला. प्रेक्षकही हसले.

"बघायचंय?" म्हणत हेस्टर उठली. दिवे लख्ख चालू होते, राक्षसाचा पत्ता नव्हता. तिने तोच चेहरा केला आणि तीच किंकाळी फोडली. सगळं थिएटर गारठलं.

पहिल्या रांगेतल्या मुलीने डोळे पुसत मैत्रिणीचा हात घट्ट धरला.

"बिचारी! इतकी वर्षं झाली, तरी अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही गं."