निळा कप

“निळ्या माणसांना गर्दी मानवत नाही, गुनवोर,” समुपदेशक इंगेला म्हणाली. “चौकशीच्या खिडकीवर नाही टिकायची तू. तुझं कागदपत्रांचं तळघरच बरं.” त्या स्वीडिश नगरपालिकेत स्वभावचाचणीवरून प्रत्येकाच्या कॉफीच्या कपाचा रंग ठरायचा आणि रंगावरून काम. गुनवोरने चाचणी दिली ती अकरा वर्षांपूर्वी, नवऱ्याला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी. ‘माणसांत बसायला आवडतं?’ तिने लिहिलं, ‘नाही.’ तेव्हापासून ती तळघरात एकटीच. “अगं, तेव्हा मी शुद्धीवर कुठे होते? एरवी माझी बडबड थांबायची नाही.” “मग पुन्हा दे की! खरं लिही हं.” गुनवोरने हौसेने पेन उचललं. ‘माणसांत बसायला आवडतं?’ तेवढ्यात शेजारी कॉफीला जमलेल्यांचा हशा उसळला. तिने दचकून खुर्ची भिंतीकडे सरकवली. कधी एकदा तळघरात उतरतेय असं तिला झालं. तिने खरं लिहिलं. “बघ!” इंगेलाने निळा कप पुढे केला. “चाचणी कधी चुकत नाही.”