वारेवरचे पांढरे डाग

नर्सबाई निवृत्त झाल्या, पण घरात ड्यूटी चालूच होती. सुनेची तपासणी त्यांनीच पुढे ढकलली. "घरात नर्स असताना रांगेत कशाला बसायचं?" पायांवर सूज आली, तर म्हणाल्या, "येतेच." डोकं ठणकायला लागलं, तर, "आम्ही आठव्या महिन्यात डबल ड्यूट्या केल्या गं बाई! ऊठ, हातपाय हलव." रक्तदाबाचं यंत्र त्यांच्याच कपाटात होतं, ते काही बाहेर निघालं नाही.

आज सातव्यातच सिझेरियन करावं लागलं. मूठभर नात काचेच्या पेटीत गेली. तरुण डॉक्टरबाईंनी नर्सबाईंना आदराने बोलावून बाळामागून काढलेली, ट्रेमधली वार दाखवली. लहानशी, जागोजागी पांढुरकी, कडक.

"रक्तदाब वाढत गेला, वारेला रक्त पुरेना. बाळ पोटातच उपाशी राहिलं. तुम्हाला मी काय सांगायचं, सिस्टर!"

नर्सबाई ट्रेकडे बघत पुटपुटल्या, "घरी बीपी..."

"कळलंय मला. सूनबाईंनी टेबलावरच सांगितलं. 'सासूबाई रोज यंत्र घेऊन मागे लागायच्या, मीच ऐकलं नाही,' म्हणाल्या."

मान वर न करता नर्सबाई म्हणाल्या, "हो."