दुसरं रीळ

"डिस्क काढायच्याच असतील तर आधी पहिला सिनेमा काढतील," फिल्म क्लबच्या चहाला सावंत म्हणाले. आमच्या लाडक्या दिग्दर्शकाचे जुने सिनेमे आता घरी बघायला मिळणार, अशी कुणकुण होती. कुणाला धुऊनपुसून लख्ख केलेलं चित्र हवं होतं, कुणाला कापलेली गाणी.

धुमाळांना एकच काळजी होती. "त्या पहिल्या सिनेमाचा शेवट तेवढा बदलू नये. बाप परत येतो तो."

"परत कुठं येतो?" सावंत म्हणाले. " एसटीत बसून जातो, तिथंच संपतो सिनेमा."

"मी जत्रेतल्या तंबूत पाहिलाय, आईच्या मांडीवर बसून. बाप एसटीतून उतरतो, पोराला खांद्यावर घेतो आणि दिवे लागतात."

क्लब चालवणाऱ्या लताबाईंनी कप खाली ठेवला. "तो प्रसंग दुसऱ्या रिळातला आहे, भाऊ. बाप सुट्टीवर येतो तेव्हाचा. तंबूवाल्यानं तेच रीळ चुकून शेवटी लावलं असणार. व्हायचं तसं."

धुमाळ बशीतला चहा तसाच धरून बसले.

"आमचे वडील तेव्हा घर सोडून गेले होते," ते म्हणाले. "सिनेमातला आला, मग आपलाही येईल, असं आई म्हणायची. रोज एक भाकरी जास्त थापायची. शेवटपर्यंत थापली."

बशी रिकामी करून त्यांनी लताबाईंना विचारलं, "डिस्कवर मागचं पुढं करून लावता येतं का?"

"येतं," लताबाई म्हणाल्या. "मी लावून देईन."